वेळ काढला, पण कुणाच्या वाट्याचा?



हल्ली बेळगावात पहाटे साडेपाचला बाहेर पडलं की एकटं वाटत नाही. व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत, कॅम्पातल्या रस्त्यांवर, रेसकोर्सच्या बाजूला माणसं पळताना दिसतात. त्यातली बरीचशी चाळिशी ओलांडलेली, नोकरी-धंदा आणि संसार असलेली. पाच-दहा किलोमीटर सहज व्हायला लागले की कुणीतरी डोंगरातल्या लांब शर्यतीचं नाव काढतं. पुण्याकडची सिंहगड-राजगड-तोरणा, नाहीतर आपल्याच कर्नाटकात चिक्कमगळूरच्या कॉफीच्या मळ्यांतली मलनाड अल्ट्रा. पन्नास किलोमीटर आणि त्याच्याही पुढं. मग हमखास प्रश्न येतो, "नोकरी सांभाळून हे जमतं कसं?" आणि उत्तरही ठरलेलं, "वेळ काढायचा हो. काढला की निघतो."

मला या उत्तराबद्दलच लिहायचंय. वेळ असा कुठं पडून नसतो. तो कुणाच्या तरी वाट्यातून काढावा लागतो. कधी बायकोच्या, कधी आईच्या, कधी मुलांच्या, आणि कुणाचंच काढायचं नसेल तर स्वतःच्या झोपेतून. ज्याच्या वाट्यातून काढला त्याला विचारलं का, आणि त्याला परत काय दिलं, हा हिशेब ज्या घरात उघड्यावर होतो तिथं ही शर्यत सगळ्या घराची होते. जिथं होत नाही तिथं ती एकट्याची चैन राहते, मग गळ्यात कितीही मेडलं येऊ देत.

माझं थोडं सांगतो, म्हणजे मी हवेत बोलत नाही हे कळेल. मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये प्रॉडक्शन बघतो. आठवड्याचे सहा दिवस, सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेपाच. महिनाअखेरीला डिस्पॅच असला की साडेपाचचे आठ कधी होतात कळत नाही. बायको शाळेत शिक्षिका, मुलगी तेव्हा दहावीला, आणि आई निपाणीला एकटी. अशात दोन वर्षांपूर्वी, वयाच्या ४६ व्या वर्षी, मी सिंहगड-राजगड-तोरण्याची सुमारे ५३ किलोमीटरची शर्यत पळालो. पळालो म्हणजे काय, चढाला चाललो, सपाटीला पळालो, उताराला जीव मुठीत धरून उतरलो. ठरलेल्या वेळेच्या आत पोचलो, एवढंच. नंबराची भानगड नाही.

आता हिशेब मांडून बघा. आठवड्याचे तास १६८. कामाचे ५४. जाण्यायेण्याचे ६. रोज सात तास झोप म्हणजे ४९. उरले ५९. त्यातले अंघोळ, जेवणखाण, भाजीबाजार, घरची किरकोळ कामं यांना रोजचे साडेतीन तास धरले तर जवळजवळ पंचवीस गेले. हातात राहिले ३४. आई, बायको, मुलगी, लग्नकार्यं, आजारपणं, मित्र आणि नुसतं गॅलरीत बसणं, हे सगळं या ३४ तासांत बसवायचं. आणि डोंगरातल्या पन्नास किलोमीटरची तयारी भर मोसमात आठवड्याला आठ-नऊ तास मागते. म्हणजे चौथा हिस्सा. घरातल्या कुठल्याही वाटणीत चौथा हिस्सा न विचारता कुणी उचलला तर त्याला आपण काय म्हणतो?

पूर्वी असं नव्हतं, कारण पाय कामाबरोबरच तयार व्हायचे. आईला मी शर्यतीचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुझी आज्जी वखारीला चालत जायाची नि चालत यायाची. तिनं काय पट्टा घातला न्हाई गळ्यात. आनि तू पैसं भरून पळणार व्हय?" निपाणीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका आसपासच्या खेड्यांतून पायी यायच्या, दिवसभर तंबाखूच्या खकाण्यात काम करायच्या आणि अंधार पडताना पायी परतायच्या. ते चालणं हौसेचं नव्हतं, पोटाचं होतं. अजूनही अमावास्येला बाळूमामाच्या दर्शनाला आदमापूरला चालत जाणारी माणसं आपल्याकडं आहेत. आपल्या भागातून पंढरपूरला पायी दिंड्या जातात. त्यात साठीच्या बायका डोक्यावर बोचकं घेऊन दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर सहज चालतात आणि त्याचा कुठं फोटो टाकत नाहीत.

बेळगावचंच सगळ्यात मोठं नाव घ्यायचं तर फडेप्पा दरेप्पा चौगुले. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये ते मॅरेथॉन पळाले आणि १९ वे आले. त्या वर्षीचं अंतर आजच्यापेक्षा थोडं जास्त, ४२.७५ किलोमीटर होतं, आणि त्यांना लागले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. भारताचा संघ तिथं गेला त्याच्यामागची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत दोराबजी टाटांनी खेड्यांतली शेतकऱ्यांची पोरं अनवाणी लांब पळताना पाहिली, आणि यांना ऑलिंपिकला पाठवायचं असं मनात घेतलं. आपल्या किती मुलांना हे माहीत आहे? गावातल्या माणसानं शंभर वर्षांपूर्वी केलेली वेळ आजही किती हौशी धावपटूंना जमेल, विचारून बघा.

बाहेरच्या जगातही असंच दिसतं. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही सुमारे ९० किलोमीटरची शर्यत १९२१ मध्ये सुरू केली व्हिक क्लॅफम या माणसानं. पहिल्या महायुद्धात लढून आलेला, आणि पेशानं रेल्वेचा इंजिन ड्रायव्हर. पहिल्या वर्षी ३४ जण निघाले आणि १६ पोचले. इंग्लंडमध्ये जॉस नेलर नावाचा मेंढपाळ होता. १९७५ साली त्यानं लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांतली ७२ शिखरं चोवीस तासांच्या आत पळत पार केली. आपल्या धनगरांना हे ऐकून फार नवल वाटणार नाही. मेंढरांमागं डोंगर चढणं-उतरणं हा त्याचा रोजचा धंदा होता, त्यामुळं कामातच त्याचा अर्धा सराव होत होता.

आपलं तसं राहिलं नाही. आपण खुर्चीत बसतो, काउंटरमागं बसतो, नाहीतर मशीनपुढं एका जागी उभे राहतो. कामानं थकवा येतो, पण पाय तयार होत नाहीत. म्हणून सराव वेगळा करावा लागतो, आणि तो घराच्या वेळातूनच होतो. मला वाटतं, सगळ्या भांडणाचं मूळ इथं आहे. घरचे म्हणतात "कशाला हा उद्योग", आणि पळणारा म्हणतो "यांना कळत नाही". दोघांचंही अर्धं बरोबर असतं.

आमच्या घरी हे कसं झालं ते सांगतो. शर्यत डिसेंबरात होती. नाव नोंदवायच्या आधी, जूनमध्ये एका रविवारी, आम्ही तिघं जेवणानंतर कालनिर्णय घेऊन बसलो. किती आठवडे लागणार, कुठल्या रविवारी मी किती तास नसणार, हे पेनानं लिहिलं. बायको म्हणाली, "अहो, पळा की. पण मला रविवारी सकाळी कळता कामा नये की आज तुम्ही पाच तास नाही. आधी लिहून ठेवा." मुलगी म्हणाली, "आणि माझ्या प्रिलिमच्या आठवड्यात पप्पा घरी पाहिजेत." दोन्ही लिहिलं. मग बाकीच्या अटी ठरल्या. गणपतीचे पाच दिवस पळायचं नाही. लांब पळून आल्यावर सोफ्यावर आडवं व्हायचं नाही, रविवारचं दुपारचं जेवण माझ्याकडं. रात्री दहाला दिवा बंद. आणि आईकडं जाणं चुकवायचं नाही.

या शेवटच्या अटीनं सरावालाच मदत केली. महिन्यातले दोन शनिवार काम सुटलं की बस धरून निपाणीला जायचं, रात्री आईजवळ राहायचं, आणि रविवारी पहाटे तवंदीच्या डोंगरात चढ-उतार करून नऊच्या आत परत. आई भाकरी थापत बसलेली असायची. "आलास का पळून? बस आता," म्हणून ताट पुढं करायची. तिला मी भेटलो आणि माझा डोंगरही झाला. उरलेल्या रविवारी वडगावहून येळ्ळूरला जाऊन राजहंसगड. गड लहान आहे, पण तोच चढ चार वेळा चढला-उतरला की मोठ्या डोंगराची सवय होते. महिन्याकाठी एखाद्या वेळी, दोघं-तिघं मिळून, जांबोटीच्या बाजूला. तिकडं एकट्यानं जाऊ नये आणि अंधारात तर नाहीच. गवे आहेत, अस्वलं आहेत. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरलेलं असतं, त्यावरून घसरलेला माणूस दोन महिने घरी बसतो, आणि जळवा लागतात त्या वेगळ्याच.

सरावात गूढ काही नाही. आठवड्यात दोन दिवस पाऊण-एक तास सावकाश पळणं, एक दिवस घरीच पायांचे आणि पोटाचे व्यायाम, शनिवार-रविवारी एक लांब फेरी. जुलैमध्ये लांब फेरी दीड तासाची होती, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सहा तासांची झाली. तीन आठवडे वाढवायचं, चौथ्या आठवड्यात कमी करायचं. शेवटचे तीन आठवडे उतरतं ठेवायचं. डोंगरात किलोमीटर मोजण्यापेक्षा पायांवर किती तास होतो हे मोजावं. पळताना शेजारच्याशी सलग बोलता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला. चढाची भीती सगळ्यांना असते, पण मांड्या मोडतो तो उतार. उतरताना स्नायू ताणलेल्या अवस्थेत भार झेलतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. थोडा-थोडा उतार नेमानं केला तर ते सोसायला शिकतात. याला दुसरा उपाय नाही.

खाण्याचं म्हणाल तर तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय किंवा गोड पदार्थ पोटात जायला हवेत. त्यासाठी महागड्या पुड्याच पाहिजेत असं नाही. राजगिऱ्याचे लाडू, खजूर, गूळ, मीठ लावलेला उकडलेला बटाटा यांच्यावर माझं चाललं. कुंदा नेऊ नका, डोंगरात तो पोटात बसत नाही, घरी येऊन खा. नुसतं पाणी ढोसत राहणंही वाईट. घामातून मीठ जातं आणि वरून फक्त पाणी पडत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली येतं. त्यात माणूस गोंधळतो, बेशुद्धही पडू शकतो. दुखणं दाबायला वेदनाशामक गोळ्या खाऊन पळणारे आहेत. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. हे डॉक्टरांना विचारा, शेजारी पळणाऱ्याला नको. आणि चाळिशी ओलांडलेल्यानं तयारी सुरू करायच्या आधी रक्तदाब, साखर, ईसीजी करून डॉक्टरांशी बोलून घ्यावं. छातीत दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर थांबणं यात कमीपणा नाही.

आता कामाचं. "नोकरी सांभाळून" हे शब्द आपण फार हलके घेतो. डिस्पॅचच्या आठवड्यात मी दिवसभर उभा असायचो, जेवण वेळेवर नाही, डोक्याला कटकट. शरीराला थकवा पळण्यातून आला की मशीनपुढं उभं राहून आला, याच्याशी घेणं नसतं. सगळा एकाच खात्यात जमा होतो. म्हणून त्या आठवड्यात सराव निम्मा करायचा, आणि महत्त्वाचं म्हणजे राहिलेला पुढच्या आठवड्यात भरून काढायचा नाही. गेला तो गेला. बरेच जण इथंच चुकतात. बुधवारचं राहिलं म्हणून गुरुवारी दुप्पट, त्यासाठी पहाटे चारला उठायचं, झोप साडेचार तास. एक महिना चालतं. मग गुडघा धरतो, नाहीतर सर्दी-ताप सोडत नाही, नाहीतर कामावर हात मशीनमध्ये जायची वेळ येते. आमच्या धंद्यात झोप न झालेल्या माणसाला मशीनवर उभं करत नाहीत. मग त्याच माणसानं झोप मोडून डोंगरात जावं याला शौर्य का म्हणायचं? पहाटे चारला उठल्याचे फोटो बघून मला हल्ली कौतुकाऐवजी काळजी वाटते. बाबा, झोपलास कधी?

तीन महिन्यांत शून्यापासून पन्नास किलोमीटर करून देतो म्हणणाऱ्यांपासूनही लांब राहा. स्नायू लवकर तयार होतात, पण शिरा-अस्थिबंध आणि हाडं सावकाश. घरातल्या वेळाचंही तसंच आहे. वर्षभर थोडा-थोडा मागितला तर घर देतं. तीन महिन्यांत सगळा ओरबाडला तर घर तुटून बोलतं, आणि त्यात घराचं चुकत नाही.

आता जे लिहिणार आहे ते काहींना बोचेल, पण लिहितो. शर्यतीच्या दिवशी सुरुवातीच्या रेषेवर उभं राहून आजूबाजूला बघा. आमच्या वयाचे पुरुष भरपूर. आमच्या वयाच्या बायका मोजक्या. त्यांच्यात ताकद कमी म्हणून? वखारीला चालत जाणाऱ्या आणि दिंडीत चालणाऱ्या बायकांच्या मुलखात हे कोण म्हणेल? कारण साधं आहे. पुरुषानं रविवारचे चार तास मागितले की घर कुरकुरत का होईना, देतं. "जाऊ दे, तेवढीच हौस आहे." बाईनं तेच चार तास मागितले तर पहिला प्रश्न येतो, "मग नाश्त्याचं काय?" दुसरा, "पहाटे एकटी कुठं जाणार?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपण पुरुषांनी स्वयंपाकघरात जाऊन द्यायचं. दुसरा प्रश्न खरा आहे. रस्त्यावर अंधार असतो, कुत्री असतात, माणसंही असतात. पण त्यावर उपाय तिला घरात ठेवणं नाही. सोबत शोधून देणं, स्वतः सोबत जाणं, चार जणींचा गट करणं, हे उपाय आहेत.

आमच्या घरी डिसेंबरानंतर कालनिर्णय बदललं तेव्हा बायकोनं पेन हातात घेतलं. "आता माझे रविवार," म्हणाली. तिला डोंगर नको होता, तिला पोहायला शिकायचं होतं. जानेवारी ते मे, आठवड्याला तीन सकाळ. त्या दिवशीचे डबे, आईचा फोन, मुलीच्या परीक्षेची सकाळ, सगळं माझ्याकडं. तेव्हा मला खरा अंदाज आला की मी सहा महिने जो वेळ घेतला तो किती जड होता. कालनिर्णयावर लिहिलेले तास आणि प्रत्यक्ष उपसलेले तास यांत फरक असतो. माझ्या मते ज्या घरात एकाच्या शर्यतीनंतर दुसऱ्याच्या मोसमाची पाळी येत नाही, तिथं पळणाऱ्यानं स्वतःला शिस्तीचा माणूस म्हणवून घेऊ नये.

वडीलधाऱ्यांनाही एक विनंती. हे श्रीमंतांचे चाळे आहेत असं म्हणून उडवून लावू नका. बूट महाग आहेत, शर्यतीची फी आहे, हे खरं. पण चाळिशीनंतर साखर आणि रक्तदाब घेऊन डॉक्टरांच्या दारात बसलेली माणसं आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. मुलगा, सून, जावई पायांवर उभे राहायला बघतायत, तर त्यांना "कशाला" म्हणण्याऐवजी "कधी, किती वेळ, आणि घरचं कोण बघणार" असं विचारा. या प्रश्नांची उत्तरं त्यांच्याकडं नसतील तर ती शोधायला लावा. असतील तर जाऊ द्या. माझ्या आईनं पट्ट्याची थट्टा केली, पण शर्यतीच्या आदल्या रात्री फोन करून विचारलं ते एवढंच, "बॅटरी घेतलीस न्हवं? अंधारात पाय बघून टाक."

आणि ज्यांच्या मनात यंदा डिसेंबरची एखादी शर्यत आहे त्यांना सांगणं असं. नाव नोंदवायचा दुवा उघडण्याच्या आधी घरात कालनिर्णय उघडा. ज्यांच्या ज्यांच्या वाट्यातला वेळ जाणार आहे त्यांना समोर बसवा आणि आकड्यांत सांगा, किती आठवडे, किती तास. त्यांच्या अटी लिहून घ्या. आणि तुमचा मोसम संपल्यावर पुढची पाळी कुणाची, तेही त्याच दिवशी ठरवून टाका.

तुमच्या घरी पुढची पाळी कुणाची आहे, ते जरूर सांगा.